येळवसनंतर फोन करा

एक्सेलच्या त्या फाइलीत अकरा कॉलम होते. विद्यार्थ्याचं नाव, पालकाचं नाव, मोबाइल, गाव, तालुका, पिनकोड, चौकशीची तारीख, 'कुठून कळलं', 'पुढचा फोन कधी', प्रवेशाची तारीख, आणि सगळ्यात शेवटी 'शेरा'. यातले पहिले दहा उचलून मला एका रिपोर्टिंग टूलमध्ये भरायचे होते. शेरा सोडून दिला तरी चालेल, असं सांगितलं होतं. तिथे स्टाफ काहीही लिहून ठेवतो म्हणे.

फाइल लातूरच्या एका कोचिंग क्लासची. क्लासची दुसरी शाखा नांदेडला. नाव सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण लातूरचा ट्यूशन एरिया किंवा नांदेडचं भाग्यनगर ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यांपुढे असे दहा क्लास येतील. दारात चपलांचा ढीग, आत दीडशे पोरं, बाहेर फ्लेक्स.

'लातूर पॅटर्न' हा शब्द आता महाराष्ट्राला समजावून सांगावा लागत नाही. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचं. तिथले संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे १९९४ मध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. म्हणजे या दोन शहरांचं शिक्षणातलं नातं जुनं आहे. मूळ पॅटर्न म्हणजे चाचण्यांवर चाचण्या, आणि तपासलेला पेपर हातात देऊन चुका पुन्हा सोडवून घेणं, तेही कॉलेजातल्याच मास्तरांकडून. आता त्या नावावर अख्खी बाजारपेठ उभी आहे. क्लास, होस्टेल, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. आणि पूर्वी जे काम चौकातला फ्लेक्स एकटा करायचा ते आता मोबाइलवरची जाहिरात करते.

डिसेंबर-जानेवारीत दहावीच्या मुलांसाठी 'स्कॉलरशिप टेस्ट'ची जाहिरात सुरू होते. टेस्टमध्ये चांगले मार्क पडले तर अकरावी-बारावीच्या फीमध्ये सवलत, काही मुलांना पूर्ण माफी. बाप किंवा थोरला भाऊ मोबाइलवर जाहिरात बघतो, फॉर्म भरतो, आणि त्या क्षणी घरातलं पोरगं 'लीड' होतं. मग क्लासमधून फोन जातो, चौकशीची नोंद होते, आणि एक्सेलमध्ये एक ओळ वाढते.

जाहिरातीचं काम पुण्याच्या एका एजन्सीकडे होतं. २०२४ चा प्रवेशाचा हंगाम संपल्यावर एजन्सीने अहवाल दिला की जळकोट, देवणी, मुखेड, किनवट, माहूर या तालुक्यांमधून लीड भरपूर येतात, पण प्रवेश जवळजवळ होत नाहीत. पुढच्या जानेवारीत हे तालुके जाहिरातीतून वगळावेत, आणि तो पैसा लातूर शहर, नांदेड शहर आणि पुण्याकडे वळवावा. सोबत रंगीत नकाशा. वगळायचे तालुके फिकट राखाडी.

क्लासच्या सरांना हे पटेना. "होस्टेलमधी चक्कर मारली तर निम्मी पोरं मुखेड-जळकोटची दिसतेत. मग ही काय आभाळातून पडली का?"

मी नांदेडची, इंजिनिअरिंगही तिथलंच, नोकरी पुण्यात. २०२४ च्या दिवाळीला घरी आले तेव्हा ओळखीतून हे काम गळ्यात पडलं. सरांचं म्हणणं सोपं होतं. टूल एजन्सीचं, आकडे एजन्सीचे. आपल्या तीन वर्षांच्या मूळ फाइली त्यात नीट घालून बघू, राखाडी तालुके राखाडीच राहतात का.

रिपोर्टिंग टूल म्हणजे फार काही नसतं. एका बाजूने जाहिरातीवर कुठे किती खर्च झाला ते आपोआप येतं. दुसऱ्या बाजूने प्रवेश कुणाकुणाचे झाले ते फाइलीतून द्यावं लागतं, कारण प्रवेश इंटरनेटवर होत नाही, तो लातूरच्या काउंटरवर पावती फाडून होतो. मग टूल दोन्हींची गाठ मारून सांगतं की या जाहिरातीचे पैसे वसूल झाले, त्या जाहिरातीचे बुडाले. त्या गाठीवर पुढच्या वर्षीचे लाखो रुपये कुठे जाणार ते ठरतं.

पहिले तीन दिवस गाठ मारण्याच्या आधीच्या कामात गेले. हे काम ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मोबाइल नंबराच्या पुढे ९१ जोडलं की एक्सेलला ती बारा आकडी संख्या वाटते आणि ते तिला ९.१९ई+११ असं आखडून दाखवतं. त्याच अवस्थेत कुणी सीएसव्ही करून ठेवली की मधले आकडे कायमचे गेले. २०२२ ची फाइल युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, त्यामुळे गावांच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांची भेळ. नांदेड शाखेत कुणीतरी मराठी कीबोर्डवरून तारखा टाकल्या होत्या. गंमत म्हणजे पायथनला देवनागरी आकडे कळतात, त्याला '१२' दिलं तर तो मुकाट्याने बारा धरतो. जावास्क्रिप्ट म्हणतं ही संख्याच नाही. आमचं टूल जावास्क्रिप्टच्या पंथातलं निघालं.

पिनकोडचं प्रकरण तर मी मित्रांना अजून सांगत असते. लातूर-उदगीरकडचे पिनकोड ४१३ ने सुरू होतात, नांदेडकडचे ४३१ ने. दोन शाखा, एकच फाइल, आणि टाइप करणाऱ्याच्या बोटांना दोन्हींची सवय. उदगीरचा पिनकोड ४१३५१७. त्यातले दोन आकडे इकडचे तिकडे झाले की होतो ४३१५१७, आणि तो अंबाजोगाईचा. म्हणजे चूक झाली तरी पत्ता खराच निघतो, फक्त जिल्हा बदलतो. शिरूरचंही तसंच. फाइलीत नुसतं 'शिरूर'. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, अहमदपूरजवळ शिरूर ताजबंद आहे, बीडमध्ये शिरूर कासार आहे. टूलने त्या सगळ्यांना पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला नेऊन बसवलं, कारण टूलला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं शिरूर तेच. नांदेडच्या नायगावची पोरं मुंबईच्या नायगावात. आणि २०२३ च्या नामांतरानंतर एकाच गावची मुलं अर्धी उस्मानाबादची, अर्धी धाराशिवची.

हे सगळं कंटाळवाणं होतं, पण सुटणारं होतं. अडकले ते नवव्या कॉलमपाशी.

'पुढचा फोन कधी' हा टूलच्या लेखी तारखेचा कॉलम. त्यात तारीख नसेल तर टूल नुसता तो चौकोन रिकामा ठेवत नाही, अख्खी ओळ नाकारतं. नाव, गाव, प्रवेश, सगळ्यासकट. इम्पोर्ट संपल्यावर वर हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' असं येतं आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की इतक्या ओळी वगळल्या. त्या बारीक अक्षरांवर क्लिक केलं तेव्हा वगळलेल्या ओळींची यादी उघडली. नवव्या कॉलमात लिहिलेलं होतं:

येळवसनंतर. माळेगाव झाल्यावर. निकाल लागला की. सोयाबीन इकल्यावर. तूर निघाल्यावर. धोंडे जेवण झाल्यावर. थोरलीचं लग्न झालं की. मामा पुण्याहून आल्यावर.

मी ती यादी वाचत गेले. यात एकही नोंद निष्काळजीपणाने केलेली नव्हती. आमच्याकडे कुणालाही 'पुढचा फोन कधी करू' विचारलं तर याच तारखा मिळतील. आणि या ओळी बहुतेक सगळ्या राखाडी तालुक्यांतल्या होत्या. शहरातले पालक 'सोमवारी करा' म्हणतात. सोमवारची तारीख निघते.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी: येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, सोलापूरच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कडब्याची कोपी करून पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबील, उंडे, आणि ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी जेवायला नेतंच. नांदेडकडे त्याच सुमाराला लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार. यात्रा सुरू होते ती येळवसच्या आदल्या दिवशी. म्हणजे लातूर शाखेतली 'येळवसनंतर' आणि नांदेड शाखेतली 'माळेगाव झाल्यावर' या दोन नोंदी जवळजवळ एकाच आठवड्याच्या आहेत. दोन जिल्ह्यांतले बाप एकच तारीख सांगत होते.

मग मी एक छोटं टेबल केलं, सण एकीकडे, इंग्रजी तारीख दुसरीकडे. येळवसच्या तारखा काढायला बसले. २३ डिसेंबर २०२२. त्यानंतरची ११ जानेवारी २०२४. त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४. आधी वाटलं माझंच काहीतरी हुकलं. मग आईने भिंतीवरून उतरवून ठेवलेली जुनी कॅलेंडरं काढून दिली. बरोबर होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे येळवस सरकून जानेवारीत गेली. २०२३ या इंग्रजी वर्षात येळवस झालीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा झाली.

आता टूलमधला सगळ्यात लाडका आलेख कुठला, तर 'गेल्या वर्षी याच काळात'. या जानेवारीची गेल्या जानेवारीशी तुलना. एजन्सीच्या अहवालात ठळक अक्षरांत होतं की जानेवारी २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामीण भागातून फोन उचलण्याचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा घसरलं. घसरणारच. गेल्या वर्षी त्या पंधरवड्यात येळवस होऊन गेली होती, आणि या वर्षी ती नेमकी मध्यावर आली होती. लोक शेतात आणि माळेगावच्या बाजारात होते.

बाय द वे, एक्सेलच्या स्वतःच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. प्रत्यक्षात १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती, आणि त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जशीच्या तशी ठेवली. नसलेला दिवस चालतो आणि येळवस अवैध.

ओळी गळणं ही तशी छोटी गोष्ट वाटते. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही, कारण तपासणीचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरले जात होते आणि त्या फाइलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप बाहेर राहिल्या. त्या माणसांना निकाल कळले होते, पण त्यांच्या संपर्कात कोण आलं हे विचारणारा फोन काही दिवस गेला नाही. आमचा मामला तितका जिवावरचा नव्हता. पण फोन न जाणं हा भाग सारखाच होता.

टेबल लावून ओळी आत घेतल्या, तरी राखाडी तालुके पुरते रंगले नाहीत. कारण दुसरी भिंत होती मुदतीची.

टूलमध्ये एजन्सीने ३० दिवसांची मुदत ठेवली होती. जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ३० दिवसांत प्रवेश झाला तर त्याचं श्रेय जाहिरातीला, नंतर झाला तर नाही. एजन्सीने मुद्दाम कुणावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही, या धंद्यात ३० दिवस हा नेहमीचा आकडा आहे. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींत २०२१ पासून, आपण काही बदललं नाही तर, क्लिकनंतरचे ७ दिवस धरतात. गूगल अ‍ॅड्सला दुकानात किंवा काउंटरवर झालेला व्यवहार मागाहून फाइलीने कळवता येतो, पण क्लिकला ९० दिवस उलटून गेले असतील तर घेत नाहीत. बूट विकायला, पिझ्झा विकायला एवढी मुदत पुरते.

आता दहावीच्या पोराचा हिशेब बघा. बापाने १० जानेवारी २०२४ ला माळेगावच्या बाजारात उभं राहून जाहिरातीवर क्लिक केलं असं धरू. दहावीचा निकाल लागला २७ मे ला. १३८ दिवस. त्याच्या आदल्या वर्षी निकाल २ जूनला होता, म्हणजे १० जानेवारीपासून १४३ दिवस. निकालाआधी गावाकडचा बाप पैसे भरत नाही, आणि त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही. पोरगं पास होईल, किती पडतील, डिप्लोमाला जाईल का सायन्सला, हे ठरल्याशिवाय कोण भरेल? शहरातला बाप मात्र जानेवारीतच भरतो, कारण लवकर भरलं तर सवलत असते आणि त्याच्याकडे जानेवारीत पैसे असतात. पगार दर महिन्याला येतो.

सोयाबीन वर्षातून एकदा येतं. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात काढणी. तूर त्याच्याही नंतर, डिसेंबरपासून पुढे. सर गावाकडच्या पोरांना जूनपासून वर्गात बसू देतात, 'पिकाला द्या' म्हणतात, आणि पहिल्या हप्त्याची पावती फाटते दिवाळीच्या पुढे-मागे. फाइलीतली 'प्रवेशाची तारीख' म्हणजे त्या पावतीची तारीख. जानेवारीतल्या क्लिकपासून मोजलं तर दहा महिने. त्यातही २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच सौदे होत होते. विधानसभेच्या प्रचारात सगळे पक्ष त्यावरच बोलत होते. भाव चढेल या आशेने लोकांनी माल घरात ठेवला. त्या दिवाळीच्या फाइलीत 'भाव आल्यावर' ही नोंद इतकी वेळा होती की मला वाटलं कुणीतरी कॉपी-पेस्ट केलंय.

क्लासचे आकडे मी इथे देणार नाही, ते त्यांचे आहेत. चित्र कसं दिसलं तेवढं सांगते. मुदत ३०० दिवसांची केली तेव्हा शहरातल्या प्रवेशांचा उंचवटा होता तिथेच राहिला, पहिल्या काही आठवड्यांत. गावाकडच्या प्रवेशांचे दोन उंचवटे दिसू लागले, एक निकालानंतर लगेच आणि दुसरा दिवाळीच्या आसपास. दोन्ही ३० दिवसांच्या रेघेच्या पार पलीकडे. मुखेड आणि जळकोट राखाडी राहिले नाहीत. किनवट-माहूर मात्र राहिले बऱ्यापैकी राखाडी. तिथून खरंच फार कुणी येत नव्हतं, आदिलाबाद-हैदराबाद जवळ पडतं. एजन्सी तिथे बरोबर होती.

माझा एक मित्र म्हणाला, कोचिंगची जाहिरात चार तालुक्यांत कमी दिसली तर चांगलंच की. मला हे पटत नाही. मुखेडची पोरं जाहिरात दिसो न दिसो, लातूरला जाणारच आहेत. चुलत्याचं पोरगं गेलं म्हणून जातील, एसटीत बसून जातील. जाहिरात न दिसल्याने हुकते ती स्कॉलरशिप टेस्ट. मग जूनमध्ये येऊन पूर्ण फी. सवलत मिळवायला शहरातली पोरं, आणि पूर्ण पैसे भरायला ज्याचं सोयाबीन घरात पडून आहे तो. आणि आपल्याला एक जाहिरात दाखवलीच गेली नाही, हे जगात कुणालाच कळत नाही. शिवाय हे एका वर्षावर थांबत नाही. कुणाचे प्रवेश झाले हे आपण जाहिरातीच्या यंत्रणेला कळवतो, त्यावरून ती पुढे कुणाला जाहिरात दाखवायची ते शिकते. ज्या तालुक्यातून काही कळवलंच नाही तिथली माणसं तिच्या नजरेतून हळूहळू उतरतात.

राहिला शेरा. तो सोडून द्यायला सांगितला होता. पण सणांचं टेबल करताना माझं अर्धं काम शेऱ्यामुळेच झालं होतं. 'मामा आल्यावर' म्हणजे कधी, हे शेऱ्यात असायचं: 'मामा कंपनीत हेत, दिवाळीला येतेत, तेच भरणारेत.' शेरा वाचून कुठल्या शाखेची नोंद आहे ते क्रियापदावरून ओळखता यायला लागलं. लातूर शाखेत 'विचार करूलालेत', नांदेड शाखेत 'विचार करायलेत'.

फक्त एका फाइलीत शेरे नव्हते. ती सगळ्यात स्वच्छ फाइल होती. नावं एकसारखी, नंबर दहा आकडी, पिनकोड बिनचूक. दहावीच्या मुलांची यादी. ती कुठून आली हे विचारल्यावर "मार्केटमधून घेतलेली" एवढंच उत्तर मिळालं. ती मी इम्पोर्ट केली नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे, हे सरांना सांगितलं. सरांनी फाइल काढून टाकली. किमान माझ्यासमोर तरी.

शेरे लिहिणाऱ्या मॅडम लातूर शाखेच्या काउंटरवर बसतात. मला भेटल्या तेव्हा त्यांना ही नोकरी करून नऊ वर्षं झाली होती. आम्ही दोघी एकमेकींना मॅडमच म्हणायचो. त्यांना मी उत्साहाने सांगितलं की तुमच्या शेऱ्यांत सगळ्यात जास्त माहिती आहे, ती टूलमध्ये घेऊ, मग पुण्यालाही कळेल खरी अडचण काय असते. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, हे तिकडं कोण कोण बघणार?"

एजन्सीची माणसं, म्हटलं. चार-पाच जण.

"मग नका घालू. हे मला सांगितलेलं हे त्यांनी. फायलीला नाही."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही स्वतःच तर फाइलीत लिहिलंय. त्या म्हणाल्या, ते पुढच्या फोनला ध्यानात राहावं म्हणून. पोरीच्या बापाला दर वेळी 'वडील काय करतात' विचारायला नको, आणि जिचे वडील कोविडात गेलेत तिला तर नकोच नको.

मग आम्ही दोघींनी ओळ ओळ वाचली. कोणाचं कर्ज, कोणाचा दारू पिणारा बाप, कोणाची आई एकटी शेत करते, कोणाला मुलीला होस्टेलला ठेवायचं नाही कारण गावात काहीतरी झालंय. हे सगळं खरं होतं, प्रवेश का लांबला याचं अचूक कारण होतं, आणि पुण्यातल्या चार-पाच लॅपटॉपांवर रंगीत ठिपका म्हणून दिसायला त्यातलं काहीही योग्य नव्हतं. इंजिनिअर म्हणून माझा हात सगळी माहिती आत घेण्याकडे वळतो. जागा स्वस्त आहे, आत्ता घेऊन ठेवा, पुढे लागेल. इथे मी मॅडमचं ऐकलं. शेरे लातूरच्या कॉम्प्युटरवरच राहिले, त्यातून टूलमध्ये फक्त दोन गोष्टी गेल्या: थांबण्याचं कारण एका शब्दात, आणि त्या कारणाची अंदाजे तारीख. त्यासाठी नवव्या कॉलममध्ये एक ड्रॉपडाउन केला. येळवस, माळेगाव, निकाल, सोयाबीन, तूर, लग्नकार्य, इतर. 'सोयाबीन' निवडलं की टूल १५ नोव्हेंबर धरतं, 'निकाल' निवडलं की दहावीचा निकाल लागेपर्यंत ओळ उघडी ठेवतं. २०२५ मध्ये निकाल १३ मे लाच लागला, तर ओळी पंधरा दिवस आधी हलल्या.

एजन्सीला ३०० दिवसांची मुदत आवडली नाही. इतक्या लांबच्या प्रवेशाचं श्रेय जाहिरातीला देणं शास्त्रशुद्ध नाही, मधे शेजाऱ्याने सांगितलं असेल, भावाने सांगितलं असेल, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. शेवटी तडजोड झाली. मुखेड, जळकोट, देवणी जाहिरातीत राहिले, बजेट आधीच्या दोन-तृतीयांश. किनवट-माहूर वगळले. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस पडला, गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठची पिकं पाण्याखाली गेली. सोयाबीनचा हमीभाव तोवर ५,३२८ झाला होता.

डिसेंबरात येळवसच्या दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. मी ऑफिसात होते.

"मॅडम, 'सोयाबीन' दाबलं की तुमचं ते पंधरा नोव्हेंबर धरूलालंय. ते तर होऊन गेलं. म्हणून ओळी लाल दिसूलाल्यात."

मी म्हटलं, मग 'तूर' निवडा.

"तूर बी गेली की."

'इतर' निवडलं तर? इतरला टूल तीस दिवस देतं, मीच तसं ठेवलं होतं, तेही त्यांच्या लक्षात होतं. "तीस दिवसांत काय होणार हे? पोरं वर्गात बसलेली हेत. मी त्यांच्या बापांना फोन करणार नाही. पण ओळ लाल झाली की सरांना मेसेज जातोय."

त्या संध्याकाळी ड्रॉपडाउनमध्ये आणखी एक पर्याय घातला, 'तारीख नाही'. टूल रिकामी तारीख घेत नाही, म्हणून तिथे ३१ डिसेंबर २०९९ भरली. आलेखात त्यामुळे उजवीकडे लांब एक काडी दिसते, एजन्सीच्या नव्या मुलाने ती काय आहे म्हणून विचारलंही. मॅडमनी त्या आठवड्यात मुखेड तालुक्यातल्या सगळ्या ओळींपुढे तोच पर्याय निवडला.